बेटावर जाताना काय न्यावे?

(नभोवाणीवरील भाषण)

सुट्टी जवळ आली म्हणजे घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. एके काळी हे बेत फार तर महाबळेश्वर-माथेरानपुरते किंवा नाशिक-पंढरपूरच्या यात्रेपुरते असत. आता मध्यम स्थितीतील कुटुंबेही अंदमान, लक्षद्वीप, श्रीलंका, मॉरिशस अशा उष्ण कटिबंधातील बेटांवर मुलाबाळांसह जाऊन येतात. बेत ठरला की पहिला प्रश्न निघतो तो सामानाचा. याद्या होतात, खोडल्या जातात, पुन्हा वाढतात. आणि अखेर निम्मे सामान घडी न मोडता परत येते. प्रश्न किरकोळ दिसतो खरा. परंतु तो माणसाच्या इतिहासात फार जुना आहे, आणि त्याच्या बऱ्यावाईट उत्तरांवर असंख्य माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत. त्या इतिहासातील काही दाखले आपल्यापुढे ठेवावेत आणि त्यांतून आपल्या उपयोगाचा एखादा साधा नियम निघतो का ते पाहावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

सहकुटुंब बेटावर जाणारे पहिले मोठे प्रवासी म्हणजे पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोकांचे पूर्वज होत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी ते टोंगा आणि सामोआ या बेटांपर्यंत पोचले. त्यानंतर अनेक शतकांनी, म्हणजे आजपासून सुमारे हजार-आठशे वर्षांमागे, त्यांच्या वंशजांनी पूर्वेकडील ताहितीपासून उत्तरेस हवाई व दक्षिणेस न्यूझीलंडपर्यंत वसाहती केल्या. दोन लांब होड्या आडव्या वाशांनी जोडावयाच्या, काथ्याच्या दोरांनी त्या आवळावयाच्या आणि केवड्याच्या जातीच्या झाडांच्या पानांची चटई विणून तिचे शीड उभारावयाचे, अशी त्यांची जोडनौका असे. अशा नौकेत बायकामुलांसह बसून हे लोक शेकडो कोसांचा समुद्र ओलांडीत.

त्यांच्या सामानाची यादी ऐकून मराठी गृहिणीस आपल्या परसाची आठवण व्हावी. अळूचे कंद, कोनफळे, केळीचे मुनवे, उसाची कांडी, हळद, नारळ आणि नीरफणसाची रोपे ते बरोबर नेत. ज्याच्या सालीपासून कापड कुटून काढता येते असे तुतीच्या जातीचे एक झाडही त्यांत असे. जनावरांपैकी डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी. महासागराच्या मध्यभागी वर आलेल्या बेटांवर मासे व पक्षी विपुल असले तरी पोटभर खाण्याजोग्या वनस्पती फार थोड्या असतात. केळ आणि त्यांच्याकडील नीरफणस यांना रुजणारे बी नसते. त्यांचा मुनवा किंवा मुळाचा फुटवा खाऱ्या तुषारांपासून जपत जिवंतच न्यावा लागतो. तो वाटेत करपला तर पुढील पिढीच्या तोंडचा घास गेला, असा हिशेब होता. म्हणून या सामानात हौसेची वस्तू एकही आढळत नाही. बेटावर काय मिळते आणि काय मिळत नाही, याच्या चोख ज्ञानावर ती यादी उभी होती.

आता दुसरी यादी पाहू. एकोणिसाव्या शतकात युरोपातील हजारो कुटुंबे उष्ण प्रदेशांत व तेथील बेटांवर जाऊ लागली. त्यांच्याजवळ पैसा होता, आगबोटी होत्या, लठ्ठ पेट्या होत्या. परंतु ज्या प्रदेशात जावयाचे त्याविषयी खात्रीच्या ज्ञानापेक्षा धास्तीच अधिक होती. या धास्तीने त्यांच्या पेट्या भरल्या. पोटाला थंडी बाधली म्हणजे पटकी होते, अशी समजूत असल्यामुळे फ्लॅनेलचा, म्हणजे लोकरीच्या मऊ कापडाचा, एक रुंद पट्टा भर उन्हाळ्यात पोटाभोवती गुंडाळीत. त्याला ‘कॉलरा बेल्ट’ असे नाव होते. सूर्याचे किरण कवटीतून व पाठीच्या कण्यातून आत शिरतात असे मानून डोक्यावर भेंडाची जाड टोपी आणि पाठीवर कापसाची गादी बांधीत. ही टोपी ‘सोला’ नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याची असे. पण इंग्रजीत सूर्यवाचक शब्द तसाच असल्यामुळे पुष्कळांना ते सूर्याचेच नाव वाटे. पूर्वेकडे निघालेले प्रवासी पोर्ट सैद येथे टोपी विकत घेत, आणि लहान मुलांना तर सूर्य मावळेपर्यंत ती उतरू देत नसत.

या भयाची परीक्षाही एका बेटसमूहावरच झाली. उष्ण देशातील प्रकाश गोऱ्या माणसाच्या मज्जातंतूंचा नाश करतो, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ चार्ल्स वुड्रफ या अमेरिकन लष्करी डॉक्टराने १९०५ साली प्रसिद्ध केला. नारिंगी-तांबड्या रंगाचे कापड हे किरण अडवील, अशी कल्पना निघाली. तेव्हा फिलिपाईन बेटांवरील अमेरिकन सैनिकांना त्या रंगाची अंतर्वस्त्रे घालावयास देऊन, पांढरी वस्त्रे घालणाऱ्या सैनिकांशी त्यांची तुलना करण्यात आली. १९१० साली अहवाल छापला गेला. तांबड्या वस्त्रांनी काहीही लाभ झाला नव्हता. उलट ती घालणाऱ्यांना उकाडा मात्र अधिक जाणवला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यांतून भेंडाच्या टोपीचेही उच्चाटन झाले आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. येथे एक विवेक मात्र राखावयास हवा. टोपीची सावली खरी होती. खोटी होती ती तिच्यामागची समजूत. पाठीवरील गादीला आणि पोटावरील पट्ट्याला तर तेवढाही आधार नव्हता.

तिसरा दाखला मॉरिशसचा आहे आणि तो आपल्या अधिक जवळचा आहे. १८३४ सालच्या नोव्हेंबरात ‘अॅटलस’ नावाच्या जहाजातून हिंदी करारबद्ध मजुरांची एक लहान तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. त्यानंतरच्या सुमारे पाऊण शतकात जवळजवळ पाच लाख माणसे तेथे गेली. मुंबई बंदरातून निघालेले कोकणातील व देशावरील मराठी स्त्रीपुरुषही त्यांत होते. ज्या धक्क्यावर त्यांना उतरविले जाई तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जतन केला जातो. या लोकांजवळ पेट्या कोठल्या? शिधा आणि वस्त्र यांविषयी करारात लिहिलेले असे. स्वतःचे म्हणून जे होते ते एका गाठोड्यात मावत असे. तरीही त्या गाठोड्याबरोबर भाषा गेली आणि गणेशोत्सव गेला. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुट्टी असते, हे त्या न दिसणाऱ्या सामानाचे फळ होय.

परंतु त्यांच्या गाठोड्यात नव्हती, आणि मळेवाल्यांच्या पेट्यांतही क्वचितच होती, अशी एक वस्तू म्हणजे डासांपासूनचे रक्षण. मॉरिशसची हवा तोवर निरोगी मानली जाई. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी प्रकृती सुधारण्यासाठी तेथे रजा काढून जात. १८६६-६७ मध्ये हिवतापाने तेथे प्रथमच मोठा उच्छाद मांडला आणि १८६७ या एका वर्षात सुमारे तीस हजार माणसे दगावली. हा ताप दलदलीच्या दूषित हवेने येतो, असे विद्वानही समजत. कोयनेल ठाऊक होते; ते १८२० सालीच सिंकोना झाडाच्या सालीतून वेगळे काढण्यात आले होते. पण ताप शिरतो कोठून हे कोणालाच कळले नव्हते. ते कोडे रोनाल्ड रॉस याने सिकंदराबादेत १८९७ च्या ऑगस्टमध्ये सोडविण्यास आरंभ केला. डासाच्या पोटात त्याला हिवतापाचे जंतू आढळले. हाच रॉस १९०७ साली मॉरिशसला गेला, आणि साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त कसा करावा याविषयी त्याने सविस्तर अहवाल लिहिला. कारण कळताच साध्या मच्छरदाणीची किंमत बदलली. पूर्वी ती रात्रीच्या सुखाची वस्तू होती. आता ती प्राणरक्षणाची झाली.

पटकीच्या बाबतीतही असेच घडले. जॉन स्नो याने १८५४ साली लंडनमध्ये पाण्याकडे बोट दाखविले. रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात तिच्या जंतूचा निर्णय केला. तरीही पोटावरचा पट्टा विसाव्या शतकात पुष्कळ दिवस टिकला, कारण भय एकदा पेटीत शिरले की सहजासहजी बाहेर निघत नाही. खरा उपाय अगदी स्वस्त निघाला. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील मिश्रण रोग्यांना पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. पाच हात फ्लॅनेलने जे साधले नाही ते चिमूटभर मिठाने साधले.

या सर्वांतून निघणारा नियम असा. पेटीत टाकावयाच्या प्रत्येक वस्तूस विचारावे, ‘तू कोणत्या कारणावरचा उपाय आहेस?’ तिला उत्तर देता आले तर ती न्यावी. नुसते ‘असू द्यावी’ एवढेच तिचे म्हणणे असेल तर घरी ठेवावी.

या कसोटीने आजची यादी फार लांबत नाही. उन्हासाठी रुंद काठाच्या टोप्या, लांब बाह्यांचे पातळ सुती कपडे आणि त्वचेला लावावयाचे मलम. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊनही भाजून काढते, म्हणून मुलांना समुद्रात डुंबतानासुद्धा अंगात सदरा असू द्यावा. डासांसाठी मच्छरदाणी व अंगाला लावण्याचे औषध. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरविणारा डास दिवसा चावतो, म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. २००५-०६ मध्ये मॉरिशसच्या शेजारच्या रेयुनियाँ बेटावर एक तृतीयांश लोकसंख्येला चिकनगुनियाने ग्रासले होते, हे ध्यानात असावे. ज्या बेटावर हिवताप अद्याप आहे तेथे जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पोटासाठी उकळलेले किंवा सीलबंद पाणी, आणि मीठ-साखरेच्या त्या पुड्या. त्या मुलांच्या संख्येच्या हिशेबाने न्याव्यात. नेहमीची औषधे मात्र हातातील पिशवीत ठेवावीत आणि दोन-चार दिवसांची अधिक घ्यावीत, कारण वादळी हवेत बेटांवरील बोटी बंद राहतात व परतणे लांबते. प्रवाळ अणकुचीदार असतो, म्हणून पाण्यात चालण्याजोगी पादत्राणे हवीत. बाकीचे कपडे निम्मे केले तरी चालेल; ते तेथे धुता येतात आणि वाळतात.

शेवटी अशा सामानाविषयी दोन शब्द, जे कोणी भरत नाही पण जे सोबत जातेच. पॉलिनेशियनांच्या नौकांतून उंदीरही गेले आणि कित्येक बेटांवरील पक्ष्यांचा त्यांनी संहार केला. मॉरिशसवर १५९८ साली डच लोक उतरले. त्यांच्या जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे व माकडे जमिनीवरील अंडी फस्त करू लागली, आणि उडता न येणारा डोडो पक्षी शंभर वर्षांच्या आतच नाहीसा झाला. बेटाला कोणतीही आगंतुक वस्तू पचविता येत नाही. म्हणून बियाणे, माती, कच्ची फळे बरोबर नेऊ नयेत. प्लॅस्टिकचा कचरा मागे ठेवू नये. आणि परतताना मुलांच्या हट्टाखातर शंख-प्रवाळ उचलू नयेत. प्रवाळाला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. अंगाला लावावयाचे मलमही पाहून घ्यावे; त्यातील काही द्रव्ये प्रवाळास मारक ठरल्यामुळे पालाऊ या बेटराष्ट्राने अशा मलमांवर २०२० पासून बंदी घातली आहे.

श्रोतेहो, समुद्र ओलांडणाऱ्या त्या प्राचीन कुटुंबांना आपल्या नौकेत जागा थोडी होती, म्हणून त्यांनी विचार अधिक केला. आपल्याजवळ जागा पुष्कळ आहे. विचार तेवढाच करावयास हरकत नाही. मुलांना यादी करावयास बसवावे आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचे कारण लिहावयास सांगावे. इतिहास, भूगोल आणि आरोग्य हे तिन्ही विषय त्या एका कागदावर येतील, आणि पेटीही हलकी होईल.