तळटीप : विगनचा मे महिना

१२. विगनचा मे महिना : लेखकाचा रोख विगन ॲथलेटिक या क्लबच्या २०१२-१३च्या हंगामाकडे आहे. इंग्लंडमध्ये लीग आणि चषक स्पर्धा एकाच हंगामात शेजारी शेजारी चालतात, पण एकीचा हिशेब दुसरीत धरत नाहीत. प्रीमियर लीगमध्ये २० संघ प्रत्येकी ३८ सामने खेळतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, आणि तळाच्या तीन संघांची रवानगी खालच्या श्रेणीत. एफ. ए. कप मात्र बाद पद्धतीचा : हरला तो घरी गेला. ११ मे २०१३ रोजी वेम्ब्लीवर विगनने बलाढ्य मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून तो जिंकला. शॉन मलोनीच्या कॉर्नरवर बदली खेळाडू बेन वॉटसनने भरपाई वेळेत हेडरने गोल केला; याच हंगामात त्याचा पाय मोडला होता. तीनच दिवसांनी आर्सेनलकडून १-४ असा मार खाल्ल्यावर विगनची घसरण पक्की झाली. अखेरीस ३६ गुण, १८वा क्रमांक. एफ. ए. कप जिंकून त्याच हंगामात अव्वल श्रेणीतून खाली गेलेला हा पहिलाच क्लब. चषकाच्या जोरावर युरोपा लीगचा प्रवेश मात्र कायम राहिला. त्यामुळे पुढच्या हंगामात विगन एकीकडे दुसऱ्या श्रेणीत आणि दुसरीकडे युरोपात खेळत होता. हा तपशील लक्षात घेतला, तर लेखकाचे विधान अतिशयोक्त वाटणार नाही. — संपा.