दिनविशेष : २६ नोव्हेंबर
पाण्यावर उजळलेला वाडा

तोफा आणि युद्धनौकांचे कारखानदार लॉर्ड विल्यम आर्मस्ट्राँग यांचा आज जन्मदिन. १८१० साली इंग्लंडमधील न्यूकॅसल इथे ते जन्मले. पेशाने वकील, पण जीव रमला तो यंत्रांत. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या क्रेनने नाव मिळवून दिले, शस्त्रास्त्रांनी अफाट पैसा. तो पैसा कुठून आला, हे विसरता येत नाही. तरीही नॉर्थम्बरलंडमधील रॉथबरीजवळचे त्यांचे ‘क्रॅगसाइड’ हे घर पाहणारा थक्क होतोच.

आधीच्या छोट्या घराचा १८६९ पासून वास्तुविशारद नॉर्मन शॉ यांनी टप्प्याटप्प्याने भव्य वाडा केला. लिफ्टपासून मुदपाकखान्यातल्या मांस भाजायच्या फिरत्या सळईपर्यंत सारे पाण्याच्या जोरावर चाले. १८७८ मध्ये इथल्या चित्रदालनात जलविजेवर दिवा लागला; १८८० मध्ये संशोधक जोसेफ स्वान यांचे बल्ब आले. ग्रंथालयातले दिवे तर पाहण्यासारखे! मीनाकारीच्या तांब्याच्या फुलदाण्यांवर ते बसवलेले, आणि वीजजोडणी तळाशी असलेल्या पाऱ्यातून. फुलदाणी उचलली की दिवा विझे, जागेवर ठेवली की लागे.

वारसांना हा डोलारा जड गेला. १९१० मध्ये उत्तमोत्तम चित्रे विकली गेली. अखेर १९७७ मध्ये वाडा वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला आणि १९७९ मध्ये लोकांसाठी खुला झाला. ट्रस्टने वास्तूबरोबर तिची जलयंत्रणाही जपली, हे फार मोलाचे. २०१४ मध्ये तिथे आर्किमिडीज स्क्रू, म्हणजे पाण्याने फिरणारे मोठे मळसूत्र, बसवल्यावर पुन्हा जलवीज निर्माण होऊ लागली.