जुन्या व्हिडिओ गेमवर रोजी कमावता येईल का? कोल्हापूरच्या मुलांसाठी थोडी माहिती

'मुस्तफा' म्हटलं की आज चाळिशीत असलेल्या कोल्हापूरकराला पिवळी टोपी आठवते. गल्लीतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात टोकन टाकून जो गेम सगळे खेळायचे, त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यात निवडायला चार पात्रं, मुस्तफा कैरो हे त्यातलं एक. पण आपल्याकडे अख्ख्या गेमलाच मुस्तफा म्हणायचे, आणि मोहल्ल्यातल्या पोरांना त्या नावाचं जरा जास्तच कौतुक होतं. ज्या कॉमिकवरून गेम आला त्यात हा मुस्तफा नायकाचा इंजिनिअर मित्र आहे, हे मात्र फार कमी जणांना माहीत असेल.

तेव्हा टोकनसाठी पैसे साठवणारी पोरं आता कमावती झाली. त्यांना ती मशीन, ती कॅसेट परत हवी आहे. जगभर हेच चाललंय, म्हणून जुन्या गेमभोवती थोडंफार काम तयार झालंय. पालक आम्हाला विचारतात, पोरगा गेममध्येच करिअर करतो म्हणतो, करू द्यावं का? हलाल आहे का, आणि पोट भरेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलिम लोकांनी द्यावं, ते आमचं काम नाही. एवढंच सांगतो की दोन गोष्टींची गल्लत करू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. तो जुगाराचा विषय. जुनी मशीन दुरुस्त करणं, गेम तपासणं, गेम बनवणं हा कारागिरीचा विषय आहे. पुढची माहिती दुसऱ्या प्रश्नाची आहे.

हातातलं काम: दुरुस्ती

नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेले बहुतेक 'टीव्ही गेम' म्हणजे जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांना ६० पिनांची कॅसेट लागायची. काही घरांत सौदी किंवा दुबईहून चाचा-मामूंनी आणलेली अस्सल मशीन असायची. सेगाची मशीन १९९५ च्या सुमारास शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात अधिकृतपणे विकली जायची. आज माळ्यावरून यातलं काय निघतं ते आधी ओळखायला शिका, कारण सगळं दुरुस्त होत नाही. नकली मशीन उघडली की बऱ्याचदा पाट्यावर काळ्या डांबरासारखा गोळा दिसतो. त्याखाली चिप थेट चिकटवलेली असते. ती गेली की संपलं, गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणा. अस्सल मशीनमध्ये मात्र सुट्या चिपा आणि सुटे कपॅसिटर असतात, तिथे कारागिराला वाव आहे.

नेहमी येणारे दोष ठरलेले. कॅसेटच्या पिना काळ्या पडतात. पोरं त्यात फुंकर मारायची, पण तोंडाच्या वाफेने पिना आणखी गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसल्या की निम्म्या कॅसेट चालू होतात. सेगाच्या गेम गिअरसारख्या हातातल्या मशीनमध्ये कपॅसिटर गळतात, ते सगळेच बदलावे लागतात. पोकेमॉनसारख्या कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवणारी छोटी बॅटरी असते. ती संपली की नवी टाकायची, पण सोल्डर करून. टेप लावून बसवलेली बॅटरी महिन्यात परत येते आणि नाव खराब होतं. दुकानातल्या मोठ्या मशीनचे मायक्रोस्विच झिजतात, हे तर सर्वांत सोपं काम.

जुन्या डब्बा टीव्हीला मात्र शिकल्याशिवाय हात लावू नका. रंगीत पिक्चर ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये राहू शकतो. जुन्या टीव्ही मेकॅनिकच्या हाताखाली चार-सहा महिने बसा. असे उस्ताद आता थोडे उरलेत आणि त्यांच्याकडचं ज्ञान कुठल्या पुस्तकात मिळत नाही. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड केला तर पाया पक्का होतो. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतात.

आमचं स्पष्ट मत: फक्त जुन्या गेमच्या दुरुस्तीवर कोल्हापुरात घर चालणार नाही. गिऱ्हाइक तेवढं नाही. मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हे जोडकाम म्हणून ठेवलं आणि कुरिअरने बाहेरगावचं काम घेतलं, तर जमतं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा ज्या गावात घडवला त्या गावात हातांची कमी नाही, गिऱ्हाइक बाहेरून आणायला लागेल एवढंच.

पुण्यातली नोकरी

पगाराची नोकरी हवी असेल तर पुणे, म्हणजे आपल्यापासून सव्वादोनशे किलोमीटर. तिथे युबिसॉफ्ट आहे, सुमोचा स्टुडिओ आहे, सुपरगेमिंग आहे. जुन्या गेमचं कामही तिथे झालंय. १९८० सालच्या पॅक-मॅनचा अधिकृत मोबाइल गेम चालवण्यासाठी बंदाई नामको या जपानी कंपनीने पुण्याच्या सुपरगेमिंगचं तंत्र घेतलं, हे २०२१ मध्ये जाहीर झालं. २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम'चा नवा अवतार करायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं, २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. २०२२ मध्ये ते काम काढून मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे दिलं गेलं. या धंद्यात असं होतं. म्हणून एकाच गेमच्या भरवशावर बसू नये.

पदवी साधी असेल तर आत शिरायचा दरवाजा म्हणजे टेस्टिंग. लोकांना वाटतं दिवसभर खेळायचं. तसं नाही. एकाच भिंतीवर शंभर वेळा उडी मारायची, कुठे अडकतो ते बघायचं, आणि कुठल्या क्रमाने काय केल्यावर बिघाड झाला ते इंग्रजीत नीट लिहायचं. लिहिता येणारा टिकतो. प्रोग्रामिंगला जायचं तर सी प्लस प्लस किंवा सी शार्प हवंच.

घरबसल्या: नवे 'जुने' गेम

मुलींनी हा भाग नक्की वाचावा, कारण याला कुठे जावं लागत नाही. जुन्या धर्तीचे गेम आजही नव्याने बनतात. जीबी स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून प्रोग्रामिंग न येणाराही गेम बॉयवर चालणारा गेम करू शकतो. चौकोनी ठिपक्यांची चित्रं काढायला लिब्रेस्प्राइट मोफत आहे. गेम इच डॉट आयओवर विकायला ठेवता येतो, चित्रांचे आणि आवाजांचे संचही. पहिल्या वर्षी कमाई जवळपास शून्य धरा. पण दोन-तीन छोटे, पूर्ण केलेले गेम दाखवता आले तर तोच बायोडाटा. अर्धवट दहा गेमना कोणी विचारत नाही.

यूट्यूबचं विचाराल तर, जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलेलं असावं लागतं, किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यू. नुसतं खेळून दाखवणारे हजारो आहेत. मराठीत दुरुस्ती शिकवणारे अगदी थोडे.

इथे पाय घसरतो

'दहा हजार गेम भरलेली' काडी किंवा डबा विकून झटपट पैसे मिळतात म्हणून बरीच पोरं त्यात पडतात. ते गेम चोरीचे असतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. गेम जुना आहे, बाजारात मिळत नाही, ही सबब चालत नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे निघालेल्या २०१० पूर्वीच्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्धच नव्हते. आपला मुस्तफासुद्धा घरच्या मशीनसाठी अधिकृतपणे कधी निघाला नाही. तरी हक्क मालकाचेच राहतात. मेमसारखं एम्युलेटर वापरणं हा गुन्हा नाही, त्यात भरून विकलेले गेम हा आहे. आणि चोरीचा माल विकून आणलेली रोजी कशी, ते कुठल्या मौलवींना विचारायची गरज नाही.

परदेशातून विक्रीसाठी जुना माल मागवायचा तर आयातीचा परवाना लागतो. नातेवाइकाने घरच्यासाठी एक नग आणणं वेगळं. जीएसटी नोंदणी वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर आधी सीएला विचारा.

भांडवलासाठी मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे शिक्षण आणि व्यवसाय, दोन्हीसाठी योजना आहेत. दोन्हीकडे व्याज आहे. ज्यांना ते नको त्यांनी सोल्डरिंग स्टेशन, मल्टिमीटर, डिसोल्डर पंप आणि चांगले स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर सुरुवात करावी. हे सगळं काही हजारांत बसतं, आणि पहिली मशीन स्वतःच्याच माळ्यावर सापडते.