कडेच्या पणत्या

१९८४ सालच्या दिवाळीत आमच्या बेळगावच्या घरी कट्ट्यावर पणत्यांची रांग मांडली होती. तेल घालायचे काम नेहमीप्रमाणे आईकडे. तिने मधल्या पणत्या काठोकाठ भरल्या आणि दोन्ही कडेच्या कोरड्याच ठेवल्या. आक्का हसून म्हणाली, "आई, लक्ष कुठं आहे तुझं?" आईही हसली. तिचे लक्ष जागेवरच होते. नजर मात्र कडेकडून विझत चालली होती. सुईत दोरा ती अजूनही बिनचूक ओवीत असे, त्यामुळे आम्हां कोणालाच शंका आली नाही. पुढे एका दवाखान्यात नेले, तेव्हा 'मोतीबिंदू आहे, पिकू द्या' असे सांगण्यात आले. आम्ही दोन वर्षे थांबलो. तो काचबिंदू होता.

मोतीबिंदू काढला की नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर येत नाही. नावे जुळ्या बहिणींसारखी असली तरी दोघींच्या स्वभावात एवढे अंतर आहे.

यंदा माझ्याही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी कानडीत पहिला प्रश्न विचारला तो हाच, की घरात आणखी कोणाला होता का? तेव्हापासून या आजाराचा इतिहास वाचण्याचा मला नाद लागला.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत झरत असते. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभराचे मिळून चहाचा चमचाही भरायचा नाही. बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते निघून जाते. ही जाळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि डोळ्यामागच्या नसेतील दहा-बारा लाख तंतू हळूहळू मरू लागतात. तेव्हा या आजाराच्या शस्त्रक्रियांचा सारा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो : पाण्याला वाट कशी करून द्यायची?

पहिले मोठे यश बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांचे. बुबुळाचा लहानसा तुकडा कापून काढला तर अचानक उठणाऱ्या, वेदनादायी काचबिंदूत डोळा वाचतो, हे त्यांनी १८५७ साली जाहीर केले. पण आईला झाला तसा, न दुखणारा, मुका काचबिंदू त्याला फारसा दाद देत नव्हता.

त्यावरचा एक महत्त्वाचा उपाय आपल्या दक्षिणेत, मद्रासला घडला. १८१९ साली स्थापन झालेल्या तेथील सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९०९ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. बारीक गोल पात्याने डोळ्याच्या भिंतीला दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि पाणी वरच्या पातळ आवरणाखाली झिरपू द्यायचे. ही पद्धत जगभर गेली. पण भोक आरपार असल्यामुळे कधी पाणी फार वाहून डोळा मऊ पडे, तर कधी कित्येक वर्षांनीसुद्धा त्या वाटेने जंतू आत शिरत.

१९६८ साली केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी या भोकावर डोळ्याच्याच भिंतीची पातळ झडप ठेवली. पाणी बेताने झिरपू लागले आणि धोका पुष्कळ कमी झाला. १९८६ मध्ये आईवर हीच शस्त्रक्रिया झाली. डावा डोळा तोवर गेला होता. उजव्यात उरलेली नजर मात्र शेवटपर्यंत टिकली.

नवी पायरी या शतकातली. बाहेरून भोक पाडण्याऐवजी आतूनच मूळ जाळीतली वाट मोकळी करायची, ही कल्पना तशी जुनी. सॅन फ्रान्सिस्कोचे ऑटो बार्कन १९४० च्या सुमारास खास भिंग लावून तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत असे करीत. आता तेच काम सूक्ष्म नळ्यांनी होते. कॅनडाचे डॉक्टर आइक अहमद यांनी या पद्धतींना 'मिग्ज' हे नाव दिले. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली टायटॅनियमची नळी अवघी एक मिलिमीटर लांब आहे. मोतीबिंदूसाठी घेतलेल्या छेदातूनच ती आत बसवतात.

पण लहान म्हणजे निर्धोक, असे समजू नये. 'सायपास' नावाची अशीच एक नळी २०१६ साली मान्य झाली. पाच वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांत कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी जास्त कमी झाल्याचे आढळले, तेव्हा ऑगस्ट २०१८ मध्ये ती बाजारातून मागे घेण्यात आली. शिवाय या नळ्यांनी दाब उतरतो तो बेताचाच. आजार फार पुढे गेला असेल तर अजूनही बहुधा केर्न्स यांच्याच वाटेने जावे लागते.

म्हणजे, वाचकहो, या इतिहासात छेद लहान होत गेला, धोका कमी होत गेला. पण मेलेला एकही तंतू कोणी जिवंत करू शकलेले नाही. यांतली प्रत्येक शस्त्रक्रिया उरलेली नजर राखते, एवढेच. किती उरलेली असताना आपण डॉक्टरांकडे पोहोचतो, हे मात्र आपल्या हाती आहे. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, त्यांना धोका इतरांहून बराच अधिक असतो. त्यांनी नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नये. डोळ्याचा दाब आणि मागची नस दोन्ही तपासून घ्यावी.

माझ्या मोतीबिंदूच्या वेळीच ती नळी बसवायची असे ठरले आहे. परवा आक्काला फोन करून सांगितले, "तूही डोळे दाखवून ये." ती म्हणाली, "मला सगळं स्वच्छ दिसतंय की रे!"

मी म्हणालो, "आक्का, आईलाही दिसत होतं."

पलीकडे ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दिवाळीच्या आधी जाऊन येते."