फॅमिली डॉक्टरला घडवतं कोण?

“आता पूर्वीसारखे फॅमिली डॉक्टर राहिले नाहीत” हे वाक्य आपल्याकडे पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकू येतं. डॉक्टर कमी पडतात यावर आपण बोलतो, फी वाढली यावर बोलतो. पण फॅमिली डॉक्टरला घडवतं कोण, आणि त्या घडवणाऱ्याला त्यातून काय मिळतं, यावर कुणी बोलत नाही. मला वाटतं, खरं दुखणं तिथेच आहे. ते समजून घ्यायला इंग्लंडचा इतिहास बघण्यासारखा आहे. तिथे हा प्रयोग सगळ्या देशासमोर झाला. आधी फसला, मग जमला, मग पुन्हा ताणला गेला.

जुलै १९४८ मध्ये तिथे सरकारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. प्रत्येक माणसाचं नाव एका जीपीकडे, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरकडे नोंदवायचं, आणि दुखलंखुपलं की आधी त्याच्याकडे जायचं. त्याच वर्षी आणखी एक योजना आली. अनुभवी जीपीने नव्या डॉक्टरला आपल्या दवाखान्यात वर्षभर शिकवायचं. शिकाऊ डॉक्टरचा पगार सरकार देणार, शिवाय शिकवणाऱ्याला भत्ता.

कागदावर झकास. प्रत्यक्षात शिकवणारा निवडताना त्याला शिकवता येतं का, हे फारसं कुणी बघितलंच नाही. मग अनेक ठिकाणी व्हायचं तेच झालं. शिकाऊ डॉक्टर म्हणजे फुकटचा मदतनीस. रात्रीच्या व्हिजिटा त्याच्या, कंटाळवाणी कामं त्याची. शिकवणाऱ्याला आराम मिळाला, शिकवण्याचं समाधान नाही. शिकणाऱ्याला तर दोन्ही नाही.

पण दोष एकट्या त्या जीपींचा नव्हता. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधले ५५ दवाखाने पाहून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अहवाल लिहिला. कोंदट खोल्या, गर्दी, तपासणीची धड सोय नाही. अहवालाने खळबळ उडाली. पुढे १९५८ मध्ये लॉर्ड मोरान यांची साक्ष झाली. हे चर्चिलचे डॉक्टर, वैद्यकातलं मोठं प्रस्थ. डॉक्टरांचे पगार ठरवणाऱ्या आयोगापुढे त्यांनी मांडलं की, तज्ज्ञ डॉक्टर शिडी चढून वर जातात आणि जीपी म्हणजे त्या शिडीवरून घसरलेले. आता मला सांगा, ज्याला स्वतःच्याच बिरादरीत नापास समजतात, तो पुढच्या पिढीला कोणत्या तोंडाने सांगणार की बाबा, ये, हे काम कर?

बदल मात्र मोरान यांच्या साक्षीच्या आधीच सुरू झाला होता. १९५२ मध्ये जीपींनी स्वतःचं कॉलेज स्थापन केलं. कॉलेज म्हणजे वर्गखोल्या नव्हेत, आपल्या कामाचा दर्जा आपण ठरवणारी संस्था. त्याच सुमारास लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बॅलिंट हा मूळचा हंगेरीचा मनोविश्लेषक जीपींच्या छोट्या गटाबरोबर नियमित बसू लागला. कुणीतरी आपला एक अडलेला पेशंट मांडायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. वरून उपदेश नाही. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या माणसाला बरोबरीची माणसं मिळाली. १९५७ मध्ये बॅलिंटचं पुस्तक आलं आणि डॉक्टर स्वतःच एक औषध असतो, हा विचार सगळीकडे पोचला.

पण नुसत्या विचाराने पोट भरत नाही. १९६५ मध्ये सुमारे १८ हजार जीपींनी तारीख न टाकलेले राजीनामे आपल्या संघटनेकडे देऊन ठेवले. सरकार हललं. १९६६ च्या कराराने पगार सुधारला, मदतनीस आणि नर्स ठेवायला पैसे मिळाले, दवाखान्याच्या जागेसाठी आधार मिळाला. पाठोपाठ १९६८ मध्ये टॉड आयोगाने सांगितलं की जीपी होण्यासाठीही वेगळं प्रशिक्षण हवं. १९७२ मध्ये जीपींच्या कॉलेजने सहा डॉक्टरांनी मिळून लिहिलेलं एक पुस्तक काढलं. जीपीने काय शिकायचं आणि ते कसं शिकवायचं, हे त्यात पहिल्यांदाच नीट मांडलं होतं. त्या सहांतले एक, पॅट बर्न, मँचेस्टरला प्राध्यापक झाले. १९७६ मध्ये बर्न आणि लाँग यांनी डॉक्टर-पेशंटच्या दोन हजारांहून जास्त संभाषणांच्या टेप ऐकून पुस्तक लिहिलं. निष्कर्ष बोचणारा होता. समोर पेशंट कुणीही असो, डॉक्टर आपल्या ठरलेल्या पद्धतीनेच बोलतो! म्हणजे शिकवणाऱ्यालाही आधी स्वतःला ऐकावं लागणार होतं.

१९७६ मध्येच कायदा झाला आणि १९८२ पासून जीपी व्हायला तीन वर्षांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. शिकवणारा आता पारखून घेतला जाऊ लागला. त्याच्या नोंदी, त्याचं वाचन, शिकवायला तो किती वेळ देतो, हे सगळं तपासायचं, आणि काही वर्षांनी पुन्हा तपासायचं. गंमत बघा, अटी वाढल्या, तरी लोक पळाले नाहीत. शिकवणारा होणं ही मानाची गोष्ट झाली. शिकवणाऱ्यांचे आपसांतले गट नियमित भेटू लागले. तरुण डॉक्टरच्या प्रश्नांमुळे जुना डॉक्टर पुन्हा पुस्तक उघडू लागला.

हे सगळं गोडगोडच होतं असं नाही. शिकवणारे दवाखाने बहुधा बऱ्या वस्तीत होते. खाणकामगारांच्या आणि गरीब कारखानी वस्त्यांत एकहाती दवाखाने चालवणाऱ्यांत भारतीय उपखंडातून गेलेले डॉक्टर मोठ्या संख्येने होते. वेल्समधल्या खाणगावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की, जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी. शिकवण्याचं समाधानही त्याच नियमाने वाटलं गेलं.

मग १९९० मध्ये सरकारने जीपींवर नवा करार लादला. लसीकरणाची टार्गेट, तपासण्यांची टार्गेट, कागदांचे ढीग. सदरलँड आणि कूपर यांनी कराराच्या आधीची आणि नंतरची परिस्थिती तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष मांडला: जीपींचं कामातलं समाधान घसरलंय, ताण वाढलाय. माणसं तीच, पेशंट तेच. गेला होता तो स्वतःच्या वेळेवरचा हक्क. आणि वेळ आटला की पहिली कात्री शिकवण्यालाच लागते, हे कुठलाही मास्तर सांगेल.

आता आपल्याकडे या. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात नोंदणी झालेले सुमारे ४७ हजार डॉक्टर होते, त्यातले जवळजवळ ३० हजार लायसन्शिएट, म्हणजे पदवीऐवजी कमी मुदतीचा कोर्स केलेले. गावोगाव दवाखाने चालवण्यात यांचा मोठा वाटा होता. समितीने बहुमताने ठरवलं की यापुढे एकाच प्रकारचा, पदवीधर, ‘मूलभूत डॉक्टर’ घडवायचा. हेतू चांगला होता. पण तो घडवायचा कुठे? मोठ्या इस्पितळात. आणि शिकवणार कोण? तज्ज्ञ. कॉलेजात शिकवायला त्या-त्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. तीस वर्षं गावाची नाडी ओळखणाऱ्या साध्या एमबीबीएसला त्या व्यवस्थेत शिक्षकाची खुर्चीच नाही.

तरी आपल्याकडे एक अलिखित परंपरा होती. नवा डॉक्टर एखाद्या जुन्या डॉक्टरच्या दवाखान्यात वर्ष-दोन वर्षं बसायचा. पेशंटशी कसं बोलायचं, कुणाला लगेच जिल्ह्याला धाडायचं, कुणाला नुसता धीर द्यायचा, हे तो तिथे शिकायचा. त्याला ना सर्टिफिकेट, ना भत्ता. ती परंपरा आटली आणि तिच्या जागी काही उभं राहिलं नाही. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने फॅमिली मेडिसीनच्या तज्ज्ञांची उणीव मान्य केली. डीएनबीचा फॅमिली मेडिसीनचा अभ्यासक्रम आहे, काही कॉलेजांत एमडीही सुरू झालं. पण आपला विद्यार्थी साडेपाच वर्षांत समाधानी तज्ज्ञ रोज बघतो. समाधानी जनरल प्रॅक्टिशनर त्याला शिक्षक म्हणून भेटतच नाही. मग त्याने तसं का व्हावं?

इंग्लंडच्या इतिहासातून मला तरी तीन गोष्टी दिसतात. शिकवणाऱ्याला वेळ हवा, बरोबरीच्यांची सोबत हवी आणि मान हवा. पैसा या तिन्हींना टेकू देतो, त्यांची जागा घेत नाही.

आपल्या तालुक्यात साठी ओलांडलेले जुने डॉक्टर अजून सकाळी दवाखाना उघडतात. इंटर्न मुलांना काही आठवडे रीतसर त्यांच्याकडे पाठवावं, डॉक्टरांना ‘शिक्षक’ म्हणून पत्र आणि मानधन द्यावं, महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसवावं. यासाठी नवी इमारत लागत नाही. पुढच्या वेळी लोकप्रतिनिधींकडे “आम्हाला डॉक्टर द्या” असं निवेदन द्याल, तेव्हा त्यात ही एक ओळ जरूर घाला. हे डॉक्टर अजून आहेत, तोवरच ती ओळ उपयोगाची आहे.