पश्चिम आफ्रिका नौदल पथक

अटलांटिकपार चालणारा गुलामांचा व्यापार मोडून काढण्यासाठी ब्रिटिश नौदलाने उभारलेले गस्ती पथक. ब्रिटनने १८०७ मध्ये हा व्यापार बेकायदा ठरवला आणि पुढच्याच वर्षी दोन जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धाडली. एवढ्या अफाट किनाऱ्याला दोन जहाजे कुठे पुरणार! शिवाय परकीय जहाजाची झडती घ्यायला त्या देशाशी तह लागे, आणि तह असला तरी जहाजात प्रत्यक्ष कोंडलेली माणसे सापडावी लागत. स्पेनशी १८३५ मध्ये झालेल्या तहाने स्पॅनिश जहाजांपुरती ही पळवाट बुजवली. बेड्या, जादा फळ्या, खलाशांच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठी कढई, पाण्याची वाजवीहून अधिक पिंपे एवढा पुरावाही पुरू लागला. त्या कढईकडे पाहूनच किती माणसे भरायची होती, ते कळे.

पथकाचे गाजलेले जहाज ‘ब्लॅक जोक’ मुळात गुलामांचीच ने-आण करी. १८२७ मध्ये ते पकडून पुढे गस्तीला जुंपले.

१८६० पर्यंत सुमारे १,६०० जहाजे पकडली गेली व दीड लाख आफ्रिकी सुटले. तापाच्या साथींनी असंख्य खलाशी दगावले. किनाऱ्यावरच्या क्रू जमातीच्या खलाशांचे श्रम मात्र इतिहासाने फारसे नोंदले नाहीत, हा अन्यायच होय.

सुटकाही अपुरीच होती. बहुतेकांना घरी न पोचवता सिएरा लिओनमधील फ्रीटाउनला उतरवले जाई. तेथे अनेकांच्या वाट्याला सक्तीची उमेदवारी किंवा सैन्यभरती येई. १८२२ मध्ये असाच सुटलेला योरुबा मुलगा, सॅम्युएल अजायी क्राउथर, १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप झाला.