कुळापासून भूमिहीनापर्यंत : महाराष्ट्रातील शेतजमीन हस्तांतराची वाटचाल (१९३३–२०१८)

शेती करू इच्छिणाऱ्याला जमीन मिळावी कशी, हा प्रश्न महाराष्ट्राच्या भूसुधारणेच्या इतिहासात दोन भिन्न माणसांच्या संदर्भात उपस्थित झाला. पहिले कूळ : दुसऱ्याच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे, परंतु मालक म्हणून नाव नसलेले. दुसरा भूमिहीन मजूर, ज्याचे नाव कुळाच्या रकान्यातही नव्हते. कायद्याने प्रथम कुळाचा प्रश्न हाती घेतला. भूमिहीनाला त्यानंतर दीर्घकाळ वाट पाहावी लागली. या दोन टप्प्यांतील संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुलाबा जिल्ह्यातील चरी येथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कायद्याने कुळास मर्यादित संरक्षण दिले आणि पुढे मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ अस्तित्वात आला. मराठवाड्यास १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भास १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू असल्याने येथील विवेचन मुख्यतः जुन्या मुंबई राज्यातील जिल्ह्यांपुरते आहे. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, काही अपवाद वगळता, तिचे खरेदीदार मानले गेले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवावयाची होती. सामान्य कुळासाठी ती सारा-आकाराच्या २० ते २०० पट असे आणि हप्त्यांनी भरता येई. शेत तेच, कसणाराही तोच. बदलली ती मालकी. चालत्या शेतीच्या हस्तांतराचा इतका व्यापक प्रयोग या प्रदेशात पूर्वी झालेला नव्हता.

तथापि कृषक दिन उजाडेपर्यंत अनेक कुळे शेताबाहेर गेली होती. स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याचा हक्क जमीनमालकास होता. त्यासाठी ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करावयाचा होता. याखेरीज कुळाने 'स्वखुशीने' दिलेला राजीनामा हा मार्ग होताच. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांनी केलेल्या पाहणीत (१९५७) अशा राजीनाम्यांचे प्रमाण लक्षणीय आढळले आणि कायद्याची अंमलबजावणी परिणामकारक नसल्याचे दिसून आले. कलम ३२-ग अन्वये चौकशीस कूळ गैरहजर राहिले, अथवा खरेदी नको असे त्याने सांगितले, तर खरेदी निष्प्रभावी ठरे. ज्याच्या दारी अडीअडचणीला धान्य मागावयाचे, त्याच्याच विरोधात मामलेदारापुढे उभे राहावयाचे होते, ही गोष्ट कागदावरील 'स्वखुशी' वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

याच कायद्याच्या कलम ६३ ने शेतकरी अथवा शेतमजूर नसलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन विकण्यास बंदी केली. सट्टेबाज भांडवलापासून शेती वाचविणे हा त्यामागील हेतू रास्तच होता. परंतु परिणाम चमत्कारिक झाला. ज्या नोकरदाराजवळ पैसा होता त्यास दार बंद, आणि ज्या शेतमजुरास दार उघडे त्याच्याजवळ पैसा नव्हता! कायद्याने दिलेली मुभा व्यवहारात उतरविण्यासाठी लागणारे साहाय्य मात्र कायद्यात कोठेही नव्हते.

ही उणीव दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीन सत्याग्रहांनी चव्हाट्यावर आणली. १९५९ च्या आणि १९६४-६५ च्या सत्याग्रहांत शासकीय पडीक व गायरान जमिनी भूमिहीनांस कसण्यासाठी द्याव्यात, ही मागणी अग्रभागी होती. सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. येथे मागणीचे स्वरूप बदललेले दिसते : कसत असलेली जमीन नावावर करून द्या, असे कुळाचे म्हणणे होते; कसावयास जमीन द्या, असे भूमिहीनांचे.

गायकवाडांच्या नावे २००४ साली सुरू झालेल्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेत शासनाने खाजगी मालकाकडून जमीन विकत घेऊन दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत देण्याचे ठरविले. आरंभी निम्मी रक्कम अनुदान, निम्मी कर्ज अशी होती. २०१८ पासून संपूर्ण रक्कम अनुदान झाली. याच वर्षी जमीनखरेदीची कमाल मर्यादा जिरायतीसाठी एकरी ५ लाख व बागायतीसाठी ८ लाख रुपये करण्यात आली. मजुराजवळ नसलेला पैसा असा उपलब्ध झाला, तरी विकणारा राजी असल्याखेरीज ही योजना चालू शकत नाही. मर्यादा आणि बाजारभाव यांत अंतर पडले की तो मिळणे दुरापास्त होते. १९५७ मध्ये मालकाची संमती विचारलीच गेली नव्हती. उलट योजनेतील एक तरतूद कूळकायद्याच्या पुढे जाणारी आहे : विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य असून, अन्य कुटुंबांत जमीन पती व पत्नी दोघांच्या नावे केली जाते.